गाडीतली घरघर कमी करायची तर: नवख्यांसाठी डॅम्पिंगचं काम, पायरीपायरीने

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे काय आणि समृद्धी काय, दोन्ही काँक्रीटचे. डांबरी रस्त्यावरून गाडी काँक्रीटवर चढली की वेग तोच असूनही आत एकदम घरघर सुरू होते. ती टायरची असते आणि छोट्या हॅचबॅकमध्ये ती सगळ्यात जास्त ऐकू येते. कारण डिकी आणि केबिन यांच्यात भिंतच नसते, पत्रा पातळ असतो आणि मागच्या चाकांवरच्या कमानीत बऱ्याचदा प्लॅस्टिकचं लायनरही दिलेलं नसतं. डॅम्पिंग म्हणजे पत्र्याची थरथर मारणारी चिकट शीट आतून लावणं. हे काम घरच्या पार्किंगमध्ये, साध्या पान्यांनी करता येतं. पण दुकानदार सांगतो तसं 'चारही दारं फुल्ल पॅक' केलं म्हणजे गाडी शांत होते असं नाही. शीट किती लावली यापेक्षा ती कुठे लावली आणि फटी कशा बुजवल्या यावर सगळं अवलंबून आहे.

खाली धरलेली गाडी म्हणजे पाच दारांची पेट्रोल हॅचबॅक. सेडान असेल तर डिकीचं काम थोडं कमी, बाकी सगळं तेच.

आधी आवाज कोणाचा ते ओळखा

खर्च करण्यापूर्वी एक फेरी मारा. एसीचा ब्लोअर बंद, गाणी बंद, काचा वर. रिकाम्या सरळ रस्त्यावर ६० च्या वेगाने आधी चौथ्या आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये चालवा. गिअर बदलल्यावर आवाज बदलला तर तो इंजिनाचा. रस्त्याचा पोत बदलला की बदलला तर टायरचा. आणि ८० च्या पुढे गेल्यावरच खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून शिट्टी किंवा सळसळ येत असेल तर तो वारा, म्हणजे बीडिंगचं (दाराच्या कडेच्या रबरी पट्टीचं) काम. त्याला शीटचा काडीचाही उपयोग नाही.

टायरचा वाटला तरी लगेच शीट आणायला धावू नका. वळणावर कमी-जास्त होणारी गुणगुण ही व्हील बेअरिंगची खूण आहे. डावीकडे वळताना वाढत असेल तर उजवं बेअरिंग बघा, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. टायरवरून हात फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागत असेल तर झीज वाकडी आहे. तो टायर कितीही शीट लावली तरी ओरडणारच. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा कोड असतो. '२३१९' म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा-सात वर्षं झालेलं रबर कडक होतं आणि आवाज वाढतो. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. 'मायलेजसाठी' चार-पाच पीएसआय जास्त भरायची सवय असेल तर तीही आवाजात भर घालते.

फोनवर डेसिबल मोजणारं ॲप टाकून ठेवा. त्याचा आकडा अचूक नसतो, पण तोच फोन, तोच रस्ता, तोच वेग आणि तीच हवा ठेवली तर आधी-नंतरची तुलना करायला पुरतो. नीट केलेल्या कामाने साधारण २ ते ४ डेसिबल कमी होतात. ऐकायला हे थोडं वाटतं. प्रत्यक्षात जाणवणारा फरक आकड्यापेक्षा मोठा असतो, कारण पत्र्याचा पोकळ, घुमणारा भाग जातो. पण कोणी 'गाडी निम्मी शांत होईल' म्हणालं तर हसून सोडून द्या. कानाला आवाज निम्मा वाटायला दहाएक डेसिबल उतरावे लागतात.

तीन थर, तिघांची तीन कामं

स्टीलच्या ताटावर चमचा मारला की ते घुमत राहतं, बोट टेकवलं की गप्प होतं. ब्युटाइल शीट पत्र्याला तेच करते. एका बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल, मागे साधारण २ मिलिमीटर चिकट ब्युटाइल रबर. पत्रा थरथरला की रबर फॉइल आणि पत्रा यांच्यात ताणलं जातं आणि ते कंपन उष्णतेत जिरतं. म्हणूनच सगळा पत्रा मढवायची गरज नसते. मोठ्या सपाट पत्र्याचा मधला चौथा हिस्सा झाकला की बरंचसं घुमणं मरतं, अर्ध्यापर्यंत गेलात तर आणखी थोडं. त्यापुढे फक्त वजन आणि बिल वाढतं.

पण ब्युटाइल हवेतून येणारा आवाज अडवत नाही. त्याला वजन लागतं: मास लोडेड विनाईल, चौरस मीटरला ४ ते ५ किलो. ही जड, लवचीक चादर पत्र्याला थेट चिकटवायची नसते. मध्ये ५ मिलिमीटर फोम ठेवायचा, म्हणजे पत्र्याची थरथर तिच्यात उतरत नाही. आणि ती अखंड हवी. दहा टक्के जागा उघडी राहिली की आवाज तिथून आत येतो आणि बाकीच्या नव्वद टक्क्यांची मेहनत बरीचशी वाया जाते.

तिसरा फोम. तो बंद पेशींचाच हवा. गादीचा स्पंज पाणी पितो, वास मारतो आणि खालचा पत्रा गंजवतो. एसीच्या डक्टवर गुंडाळतात ते काळं नायट्राइल रबर एसीचे पार्ट विकणाऱ्या दुकानात चिकट पाठीसह मिळतं आणि या कामाला उत्तम आहे. नुसता फोम लावून रस्त्याची घरघर थांबत नाही, ही गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा.

छतावर पाणी गळू नये म्हणून लावतात ती डांबरी पट्टी स्वस्त पडते म्हणून बरेच जण आणतात. दिसायला ब्युटाइलसारखीच: वर फॉइल, खाली काळं. पहिल्या मे महिन्यात ती दाराच्या आत घसरून तळाशी जमा होते, गाडीभर डांबराचा वास सुटतो आणि काचेच्या यंत्रणेला चिकटली की मोटर अडते. खरेदीआधी तुकडा मागून घ्या. एखाद्या पत्र्यावर चिकटवून, पत्रा उभा ठेवून दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी तुकडा जागेवर असेल, कडेने काळं ओघळलेलं नसेल आणि नाकाला डांबर लागत नसेल तर घ्या.

किती सामान लागेल

ब्युटाइल शीट (२ मिमी): पुढची दोन दारं मिळून १० चौरस फूट, मागची दोन ८, मागच्या चाकांच्या दोन कमानी ६, डिकीचा तळ आणि स्टेपनीचा खड्डा ६, डिकीचं दार ३, केबिनचा तळ १२. बेरीज ४५, कापताना वाया जाणारं धरून ५० घ्या. चौरस फुटाला साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे १५ किलो. फोम ५५ ते ६० चौरस फूट. विनाईल फक्त तळ आणि कमानींसाठी, २५ ते २८ चौरस फूट, म्हणजे आणखी ९ ते १३ किलो. सगळं मिळून एका माणसाच्या निम्म्याहूनही कमी वजन. दर विचारताना चौरस फुटाचा विचारा आणि जाडी फॉइलसकट की निव्वळ रबराची, हेही विचारा.

हत्यारं: प्लॅस्टिकच्या ट्रिम काढायच्या पट्ट्या, १० आणि १४ नंबरचे सॉकेट, फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, धारदार कटर, छोटा लोखंडी किंवा लाकडी रोलर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती फडकी, जाड हातमोजे. फॉइलची कड ब्लेडसारखी कापते, म्हणून हातमोज्यांत काटकसर नको. दाराच्या क्लिपा तुमच्या मॉडेलच्या दहा-पंधरा आधीच आणून ठेवा. तुटतातच.

पावसाळ्यात हे काम काढू नका, कोकणात तर नाहीच. पत्र्यावर दमट थर राहिला की शीट धरत नाही आणि ओलावा खाली कोंडतो. नाशिक-पुण्याच्या थंडीत सकाळी शीट कडक असते, तेव्हा हेअर ड्रायरने कोमट करून घ्या.

दार: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

काच पूर्ण वर करा. वर गेल्यावर दाराची पोकळी मोकळी होते, म्हणून हे बॅटरी काढण्याआधीच. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि दहा मिनिटं थांबा, एअरबॅगच्या सर्किटमधली वीज उतरू द्या.

दाराच्या पॅडचे (आतल्या आवरणाचे) स्क्रू लपवलेले असतात: आतल्या हँडलच्या मागे, ओढायच्या खाचेत टोपणाखाली, कधी आरशाच्या तिकोनी झाकणाखाली. हाताने फिरवायची काच असेल तर हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. फडक्याची पट्टी हँडल आणि पॅडच्या मध्ये घालून मागेपुढे ओढली की ती उडून बाहेर येते, म्हणून नजर ठेवा. सगळे स्क्रू निघाले की खालच्या कोपऱ्यात पट्टी घालून पॅड सरळ आपल्याकडे ओढा. तिरकं ओढलं की क्लिप तुटते किंवा तिची पॅडवरची खाच फाटते. दुसरं झालं तर ते पॅड कायमचं खडखडणार. क्लिपा सुटल्यावर पॅड वर उचलून काचेच्या कडेवरून काढा, हँडलची केबल आणि स्विचचे कनेक्टर सोडवा. सोडवण्यापूर्वी फोटो काढा.

आता समोर काळ्या चिकट दोरीने लावलेला प्लॅस्टिकचा कागद दिसेल. तो बिनकामाचा वाटतो म्हणून लोक फाडून फेकतात. काचेच्या फटीतून दारात रोज पाणी शिरतं, ते खाली भोकांतून निघून जातं, आणि या कागदामुळेच केबिनमध्ये येत नाही. तो सावकाश, अखंड सोलून टेपने वर अडकवून ठेवा.

मोठ्या भोकातून हात घालून बाहेरचा पत्रा आतून साफ करा: आधी कोरडा ब्रश, मग ओलं फडकं, पूर्ण वाळल्यावर अल्कोहोल. फडकं पांढरं निघेपर्यंत. रॉकेल, डिझेल वापरू नका, तेलकट थर राहतो. थिनर रंग उचलतो. तळाच्या सांध्यावर कारखान्याने मेण भरलेलं असतं, ते गंज थांबवण्यासाठी आहे. तळापासून तीन इंच जागेला हात लावू नका, शीटही तिथे नको. पाणी जाण्याची भोकं तिथेच असतात.

शीट भोकातून आत जाईल अशा आकारात, साधारण वहीच्या पानाएवढी कापा. अर्धाच कागद सोला, तुकडा पत्र्याच्या मधोमध टेकवा, मग उरलेला कागद ओढून काढा. दाराच्या आत आडवी लोखंडी नळी असते, अपघातात वाचवणारी. तिच्या वर आणि खाली सपाट पत्र्यावर लावा. काच खाली येते तो मार्ग मोकळा हवा. रोलर मधून कडेकडे, जोर लावून फिरवा. फॉइलवर उठावाची नक्षी असेल तर ती सपाट होईपर्यंत रोलर थांबवायचा नाही. फुगा राहिला तर कटरने टोचून हवा काढा. नंतर बाहेरून बोटाने ठोका: लावलेल्या जागी ठक, न लावलेल्या जागी टण्ण. टण्ण मोठ्या भागावर येत असेल तर एक तुकडा वाढवा, नाहीतर पुढे चला.

आतल्या पत्र्याची मोठी भोकं शीटने बंद करावीत का? स्पीकरवाले सांगतात करा, गाण्यांसाठी ते बरोबरही आहे. पण उद्या काचेची मोटर गेली की ती सगळी शीट कापून, हात काळे करून काढावी लागते. शिवाय काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा दाब ओळखणारा सेन्सर दारातच असतो. पोकळीची हवाबंद अवस्था बदलली की त्याचं गणित बदलतं. रस्त्याच्या आवाजासाठी मूळ कागद चारही बाजूंनी नीट चिकटवलेला पुरतो. आतल्या पत्र्याच्या सपाट भागांवर एक-दोन तुकडे, क्लिपांची भोकं आणि केबल सोडून, आणि पॅडच्या मागच्या बाजूला ५ मिलिमीटर फोम. फोम यापेक्षा जाड झाला की क्लिपा बसत नाहीत, पॅड फुगतं आणि कोपऱ्यात करकर सुरू होते.

पहिल्या दाराला तीन तास धरा, चौथ्याला एक.

मागच्या कमानी आणि डिकी

पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर इथे घाला. मागच्या सीटचा बसायचा भाग पुढून वर उचलला की निघतो, मग बाजूचं प्लॅस्टिक. कमानीच्या पत्र्यावर ब्युटाइल जवळपास पूर्ण लावलं तरी चालेल, कारण खडी आणि पाणी थेट तिथेच आदळतं. त्यावर फोम, त्यावर विनाईल, सांधे एकमेकांवर दोन इंच चढवून. स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ मोठा आणि घुमणारा असतो, त्याला दोन-तीन तुकडे.

बाहेरून कमान धुऊन, वाळवून रबरी अंडरबॉडी कोटिंगचे दोन हात मारले तर खडीची तडतड आणखी कमी होते. ब्रेक, शॉकर आणि एबीएसच्या तारा आधी पिशवीत बांधा. लायनर मिळत असेल तर ते कोटिंगपेक्षा चांगलं.

डिकीच्या बाजूच्या प्लॅस्टिकमागे, बंपरच्या आड, रबरी पाकळ्यांची झडप असते. केबिनमधली हवा तिथून बाहेर जाते. आवाज तिथून येतो खरा, म्हणून लोक ती शीटने बुजवतात. मग दारं आपटल्याशिवाय लागत नाहीत, एसीचा वारा मंदावतो आणि पावसात काचा धुरकटतात. झडप तशीच ठेवा, फार तर तिच्यासमोर दोन इंच अंतर सोडून फोमचा पडदा लावा. सीएनजीच्या गाडीत टाकी, तिचे पट्टे, वाल्व आणि गॅस बाहेर नेणारी नळी यांच्या जवळपास काहीही झाकू नका.

केबिनचा तळ

सीट चार बोल्टवर असते. काढण्यापूर्वी खाली वाकून पाहा: पिवळे कनेक्टर एअरबॅगचे आणि पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेचे. बॅटरी काढून दहा मिनिटं झाल्याशिवाय त्यांना हात नाही, आणि ते सुटे असताना चावी फिरवायची नाही. फिरवलीत तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो बऱ्याचदा स्कॅनर लावूनच घालवावा लागतो.

कार्पेट पूर्ण काढायला डॅशबोर्डपर्यंत जावं लागतं. नवख्याने ते करू नये. उंबऱ्याच्या पट्ट्या काढून एकेक बाजू दुमडली तरी हात पोचतो. कार्पेटखालचा नमदा ओला असेल तर काम तिथेच थांबवा. एसीची पाण्याची नळी तुंबली असेल किंवा दार गळत असेल, ते आधी सोडवा. कारखान्याचे डांबरी तुकडे घट्ट असतील तर खरवडू नका, मोकळ्या पत्र्यावरच ब्युटाइल लावा. सीटच्या बोल्टची भोकं, तारांचे गठ्ठे, मागच्या सीटखालचं इंधन पंपाचं झाकण आणि मधल्या उंचवट्यावरची एअरबॅगची पेटी मोकळी सोडा. ब्युटाइलवर मग फोम, विनाईल, नमदा, कार्पेट.

चालकाच्या पायाशी थर वाढल्यावर ॲक्सिलरेटर, ब्रेक, क्लच तिन्ही तळापर्यंत दाबून पाहा. पेडल कार्पेटला घासत असेल तर तिथला फोम काढून टाका. इथे तडजोड नाही.

बीडिंग

दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज सरकली तर तिथे रबर दबलंय. साबणाच्या पाण्याने धुऊन सिलिकॉन ग्रीस लावल्यावर थोडं फुगतं. नाहीच तर डी किंवा पी आकाराची ईपीडीएम रबराची पट्टी दाराच्या चौकटीवर जोडा. जाड घेतलीत तर दार आपटावं लागतं. वाऱ्याची शिट्टी नेमकी कुठून येते ते शोधायला दाराच्या फटीवर बाहेरून मास्किंग टेप लावून फेरी मारा, एकेक तुकडा काढत जा.

बोनेट आणि छत सोडून द्या. बोनेटखालच्या फोमने रस्त्याचा आवाज कमी होत नाही, आणि चुकीचा फोम उष्णतेने गळून बेल्टवर पडतो. छताला ब्युटाइल लावल्याने पावसाचा ताशा बराच कमी होतो, पण आतलं कापड उतरवताना छताच्या कडेला असलेल्या पडद्यासारख्या एअरबॅग मध्ये येतात. ते अनुभवी फिटरचं काम.

बंद करण्यापूर्वी आणि नंतर

सगळे कनेक्टर जोडून मगच बॅटरी लावा. काच, लॉक, हँडल, आरसा तपासा. एका स्पर्शात वर जाणारी काच अडखळली तर ती पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद दाबून धरा. बहुतेक गाड्यांत ती पुन्हा शिकते. प्रत्येक दारावर नळीने दहा मिनिटं पाणी सोडा. खालच्या भोकांतून ठिबकलं पाहिजे, आत कार्पेट कोरडं राहिलं पाहिजे.

रस्त्याचा आवाज उतरला की आधी न ऐकू येणारी खडखड पुढे येते: पार्सल ट्रे, नंबर प्लेट, जॅक, सीटच्या पट्ट्याचं बक्कल. उरलेल्या फोमच्या पट्ट्या तिथे वापरा. सीटचे बोल्ट गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कने (ठरलेल्या जोराने) आवळा आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पहिल्या कडक उन्हानंतर डिकीचा कपडा उचलून शीटच्या कडा पाहून घ्या. उचललेली दिसली तर गरम असतानाच रोलर फिरवला की ती परत बसते.